तयार थीमवर मराठी अक्षर बसवताना

नांदेड आणि लातूर या दोन जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे एकापाठोपाठ उघडून पाहिली, तर ती एकाच घरातली वाटतात. तीच मांडणी, अक्षर लहान-मोठे करण्याची तीच बटणे, अक्षर आणि पार्श्वभूमीचा रंग पालटण्याची तीच सोय. दोन्ही स्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे ‘एनआयसी’ने, घडवलेल्या ‘एस-थ्री-वास’ या व्यवस्थेवर उभी आहेत. देशभरातल्या जिल्ह्यांना एकच भक्कम साचा द्यायचा, सुरक्षेची आणि सुगम्यतेची काळजी मध्यवर्ती पातळीवर घ्यायची, आणि जिल्ह्याने आपली माहिती, छायाचित्रे, सूचना त्यात भरायच्या, अशी ही रचना आहे. सरकारी स्थळासाठी ती योग्यच आहे. पीकविम्याची सूचना शोधणाऱ्या मुखेडच्या शेतकऱ्याला देखण्या वेगळेपणाशी काही देणेघेणे नसते. सूचना जागेवर सापडली पाहिजे आणि स्थळ चालू असले पाहिजे.

खासगी स्थळांवर असे बंधन नसते. लातूरच्या शिकवण्या आणि महाविद्यालये, तिथल्या डाळ मिला, नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपासची हॉटेले, उदगीर-देगलूरच्या शाळा, तालुक्याची वृत्तस्थळे यांतली बरीचशी वर्डप्रेसवर चालतात. २७ मे २००३ रोजी पहिली आवृत्ती निघालेले हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचे आहे. ते वापरता येते तसेच उघडून बदलताही येते. त्यावर एक तयार थीम चढवली की स्थळ दिसू लागते. मग सेटिंगमध्ये जाऊन लोगो टाकायचा, दोन रंग निवडायचे, यादीतला एखादा फॉन्ट घ्यायचा. इथवर सगळ्यांना जमते. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. मराठी मजकुराला जे हवे असते, त्यासाठी सेटिंगच्या पानावर बटणच नसते.

तेव्हा थीम बदलायची ती रंगासाठी किंवा हलत्या चित्रांसाठी नव्हे. सुरुवात अक्षरापासून करावी असे माझे ठाम मत आहे. अक्षर नीट बसले की निम्मे स्थळ सुधारते.

शिरोरेषा तुटते कशी

बऱ्याच थीममध्ये मथळ्यांना आणि मेनूला ‘लेटर-स्पेसिंग’ नावाचा गुण लावलेला असतो. रोमन मोठ्या अक्षरांमध्ये जरा अंतर सोडले की ती भारदस्त दिसतात, म्हणून. तोच गुण देवनागरीवर आला की ‘नांदेड’ या शब्दाची शिरोरेषा दोन ठिकाणी तुटते आणि नां, दे, ड अशी तीन सुटी अक्षरे उभी राहतात. वाचणारा अडखळतो, पण नेमके काय खटकते ते त्याला सांगता येत नाही. यावर औषध एका ओळीचे आहे: लेटर-स्पेसिंग शून्य. (या प्रकरणातली सीएसएसची, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांच्या भाषेची, नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करायची, आकडेसुद्धा.)

दुसरा गुण ‘लाइन-हाइट’, म्हणजे दोन ओळींमधली उंची. मथळ्यांसाठी थीम ही उंची अक्षराच्या १.१ किंवा १.२ पट ठेवते. समजा निकालाच्या दिवशी एखाद्या शिकवणीने मथळा दिला: ‘गुणवत्ता यादीत झळकलेल्या विद्यार्थ्यांची नावे’. मोबाइलवर हा मथळा दोन ओळींत मोडतो. पहिल्या ओळीतल्या ‘गु’चा उकार खाली उतरतो आणि दुसऱ्या ओळीतल्या ‘र्थ्यां’चा रफार आणि अनुस्वार वर चढतात. दोघांना एकच अरुंद पट्टी मिळते आणि ते एकमेकांत घुसतात. मथळा एखाद्या चौकटीत असेल आणि चौकटीबाहेर जाणारा भाग झाकून टाकायचा नियम थीमने लावलेला असेल, तर रफार कापलाच जातो. मथळ्याला १.४ आणि चालू मजकुराला १.७ च्या आसपास उंची दिली की मराठीला श्वास मिळतो. हे आकडे फॉन्टप्रमाणे थोडे हलतील. डोळ्यांनी पाहून ठरवावेत.

रोमनमध्ये मोठी लिपी आणि तिरके अक्षर यांच्या जोरावर मजकुराची चढउतार दाखवली जाते. मेनू मोठ्या लिपीत, छायाचित्राखालची ओळ तिरकी, अशी थीमची योजना असते. देवनागरीत मोठी लिपी नाही, त्यामुळे ‘टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म’चा नियम असून नसल्यासारखा होतो आणि मेनू आसपासच्या मजकुरात हरवतो. तिरके रूप फॉन्टमध्ये नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकवतो. ठळक रूप नसेल तर कडा जाड करून खोटा ठळकपणा आणतो, मग ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ध’ यांच्या पोटातली जागा बुजते. ब्राउझरला ही कारागिरी करू द्यायची नसेल तर ‘फॉन्ट-सिंथेसिस’ला नकार द्यावा आणि ज्या फॉन्टमध्ये खरी वजने आहेत तो घ्यावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट सात वजनांत मिळतो, मुक्त परवान्यावर. मेनूला मध्यम वजन, मथळ्याला ठळक, टिपेला थोडे लहान आणि फिकट अक्षर एवढ्यावर चढउतार पुरेशी कळते.

काही थीम लेखाचे पहिले अक्षर मोठे करून तीन ओळींत बसवतात. समजा लेख ‘स्वामी रामानंद तीर्थ’ या नावाने सुरू झाला. पहिले अक्षर कोणते, याचे उत्तर मराठी माणसाला ‘स्वा’ हेच येईल. संगणकाच्या नियमांत मात्र ‘स्’ वेगळा आणि ‘वा’ वेगळा धरला जात होता, म्हणजे मोठा अर्धा ‘स्’ एकीकडे आणि उरलेला ‘वामी’ दुसरीकडे. युनिकोडने २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत भारतीय जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम घातला. पण वाचकाच्या हातातला फोन जुना असू शकतो, म्हणून मराठी स्थळावर ही सजावट बंदच ठेवावी.

एक गोष्ट मात्र सीएसएसविना साधते आणि तीच सर्वाधिक विसरली जाते. वर्डप्रेसच्या सामान्य सेटिंगमध्ये स्थळाची भाषा ‘मराठी’ निवडा. तसे केले की पानाच्या मुळाशी भाषेची खूण पडते आणि ज्या फॉन्टांमध्ये मराठी वळणाची सोय केलेली आहे, ते पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ दाखवू लागतात. खूण नसेल तर हिंदी वळण दिसते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेसाठी हीच रूपे ठरवली आहेत. शाळेच्या स्थळाने तरी ती पाळावीत.

रूप बदलण्याची ही सत्ता आली कुठून

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १० ऑक्टोबरला, जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हाकॉन व्हिउम ली या नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञाने एक प्रस्ताव मांडला. पानाचा मजकूर एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे ठेवावे, आणि रूपाचे नियम एकावर एक असे थरांनी लागू व्हावेत, हा त्याचा गाभा. पुढे बर्ट बॉस हा डच सहकारी त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती मानक म्हणून मान्य झाली. रूप ठरवण्यात लेखकाबरोबर वाचकाचाही हात असावा, हा विचार त्या मूळ प्रस्तावातच होता. कंधारच्या एखाद्या आजोबांनी फोनवर अक्षर मोठे करून घेतले तर तुमच्या स्थळाने ते मानले पाहिजे. म्हणून अक्षराचे माप पिक्सेलमध्ये जखडून न ठेवता ‘रेम’ या सापेक्ष एककात द्यावे.

रूप वेगळे काढल्याने काय साधते, हे २००३ मध्ये डेव्ह शे या कॅनेडियन डिझायनरने ‘सीएसएस झेन गार्डन’ या स्थळावर दाखवले. पान एकच, मजकूर एकच, त्यातला एक शब्दही हलवायचा नाही. फक्त सीएसएसची फाइल बदलायची. जगभरच्या लोकांनी त्याच पानाची इतकी वेगवेगळी रूपे केली की मजकूर एकच आहे हे सांगूनही पटू नये. आपल्या हातातली थीमही या अर्थाने एक सूचना आहे. तिच्यावर आणखी एक थर चढवण्याचा अधिकार आपला आहे.

कुठे लिहायचे, कुठे नाही

थीमच्या मूळ फाइलमध्ये कधीही लिहू नये. थीमची नवी आवृत्ती आली की तिचे आख्खे फोल्डर बदलले जाते आणि तुमची प्रत्येक दुरुस्ती पुसली जाते. ती पुसली जाऊ नये म्हणून काहीजण थीम अद्ययावत करणेच थांबवतात. हे त्याहून वाईट, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्त्यांमधून येतात. विकतची थीम कुठून तरी फुकट उतरवून घेणेही असेच घातक. तशा प्रतींमध्ये कोणी काय घुसवले आहे ते कळत नाही.

छोट्या दुरुस्तीसाठी वर्डप्रेसने २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून ‘अतिरिक्त सीएसएस’ची चौकट दिली आहे. नव्या, ठोकळ्यांच्या थीममध्ये ती संपादकाच्या शैली विभागात सापडते. तिथे लिहिलेले नियम थीमच्या फाइलमध्ये न जाता स्थळाच्या माहितीसाठ्यात राहतात, म्हणून आवृत्ती बदलली तरी टिकतात. वर सांगितलेली लेटर-स्पेसिंग आणि लाइन-हाइटची दुरुस्ती इथे आरामात होते. एक लक्षात ठेवायचे: हे नियम ज्या थीमसाठी लिहिले तिच्याशीच बांधलेले असतात, थीम बदलली की ते लागू होत नाहीत.

दुरुस्त्या वाढल्या, किंवा पानाची रचनाच बदलायची झाली, की चाइल्ड थीम करावी. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद होते तसेच हे काम आहे. जुनी नोंद खरवडून काढत नाहीत. नवी नोंद घालतात आणि पुढे तीच मानली जाते. थीमच्या फोल्डराशेजारी आपले नवे फोल्डर करायचे, त्यात ‘स्टाइल’ नावाची सीएसएस फाइल ठेवायची आणि तिच्या माथ्यावर दोन गोष्टी लिहायच्या: आपल्या थीमचे नाव आणि ‘टेम्पलेट’ या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव. दुसरे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. एक अक्षर चुकले तरी वर्डप्रेसला पालक, म्हणजे मूळ थीम, सापडत नाही. आपली सीएसएस फाइल पानावर चढवण्यासाठी ‘फंक्शन्स’ नावाची आणखी एक फाइल लागते.

पालक थीममधली तळपट्टीची फाइल चाइल्ड थीममध्ये त्याच नावाने ठेवली तर वर्डप्रेस आपली वापरते, पालकाची सोडून देते. मात्र ‘फंक्शन्स’च्या फाइलला हा नियम लागू नाही. तिथे दोन्ही फाइली चालतात, आधी आपली आणि मग पालकाची. म्हणून पालकाच्या त्या फाइलची नक्कल आपल्याकडे कधीही चिकटवू नये. एकाच नावाची दोन कामे समोरासमोर आली की स्थळ बंद पडते.

नियम लिहिला आणि काहीच बदलले नाही, असा अनुभव सगळ्यांना येतो. तेव्हा संगणकावर पान उघडा, त्या मथळ्यावर उजवी कळ दाबा आणि ‘इन्स्पेक्ट’ निवडा. पडद्याच्या एका बाजूला त्या मथळ्यावर लागू असलेले सगळे नियम दिसतील. काहींवर आडवी रेघ मारलेली असेल, ते हरलेले. तुमचा नियम रेघेखाली असेल तर वरचा कोणता जिंकला ते बघा. ज्याचा पत्ता जास्त नेमका, तो जिंकतो. ‘सगळे दुय्यम मथळे’ यापेक्षा ‘लेखाच्या शीर्षकपट्टीतला दुय्यम मथळा’ हा पत्ता नेमका आहे. दोघे तुल्यबळ असतील तर नंतर आलेला जिंकतो. म्हणजे आपला पत्ता पालकाइतका नेमका लिहायचा; आपली फाइल नंतर येत असल्याने निकाल आपल्या बाजूने लागतो. ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द जोडून सगळ्यांवर कुरघोडी करता येते, पण दोन-चार ठिकाणी तो जोडला की पुढचा प्रत्येक बदल त्याच्याशी भांडत करावा लागतो. याच खिडकीत नियमापुढची खूण काढून-लावून परिणाम ताबडतोब पाहता येतो. तो फक्त तुमच्या पडद्यावर असतो आणि पान पुन्हा उघडले की जातो. त्यामुळे सराव कोणत्याही स्थळावर करावा, कोणाचे काही बिघडत नाही.

नांदेडच्या चार लिप्या

नांदेडला हे काम आणखी रंगतदार होते. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी गुरुमुखी हवी. शहरात उर्दू वाचणारे मोठ्या संख्येने आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून असल्याने व्यापाऱ्याला तेलुगू लागते. लातूर जिल्ह्यात उदगीर-निलंग्याकडे गेले की कन्नड. एखाद्या हॉटेलाचे किंवा दवाखान्याचे स्थळ तीन-चार लिप्यांत करायचे झाले तर थीमची एकुलती एक फॉन्टची सेटिंग कुठवर पुरणार?

सीएसएसमध्ये फॉन्ट जोडताना तो युनिकोडच्या कोणत्या पट्ट्यासाठी आहे ते सांगता येते. देवनागरीचा मुख्य पट्टा ०९०० ते ०९७एफ, गुरुमुखीचा ०ए०० ते ०ए७एफ. असे सांगितले की ब्राउझर त्या लिपीचे अक्षर पानावर असेल तेव्हाच तिचा फॉन्ट उतरवतो. जोडाक्षरांमुळे भारतीय फॉन्टांच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात, म्हणून असे केल्याने वाचकाचा डेटा वाचतो. जोड्याही सुंदर जमतात. ‘मुक्त’चे गुरुमुखी भावंड ‘मुक्त माही’ आहे. मथळ्यांसाठी एक टाइपचेच ‘बलू’ कुटुंब घेतले तर देवनागरीला बलू, गुरुमुखीला बलू पाजी, तेलुगूला बलू तम्मुडू, कन्नडला बलू तम्मा आणि उर्दूला बलू भाईजान अशी पाच लिप्यांची पाटी एका हाताने रंगवल्यासारखी दिसते. हे अक्षर जाडजूड आणि खेळकर आहे. ते मथळ्यापुरतेच ठेवावे.

उर्दूला वेगळी काळजी लागते. उर्दूच्या वाचकाला प्रिय असलेले नस्तालिक वळण वरून खाली तिरके उतरते, म्हणून ओळीची उंची मराठीपेक्षाही जास्त, दुपटीच्या पुढे द्यावी लागते. ओळ उजवीकडून सुरू होत असल्याने ‘डावीकडे एवढी जागा सोड’ असे सांगणारे थीमचे नियम उलटे पडतात. त्याऐवजी ‘ओळ जिथे सुरू होते तिथे एवढी जागा सोड’ असे सांगणारे नवे गुण सीएसएसमध्ये आहेत. ते वापरले की एकच नियम मराठीलाही चालतो आणि उर्दूलाही. उर्दू परिच्छेदावर भाषेची खूण घातली की फक्त त्या भाषेसाठी नियम लिहिता येतात.

क्रमांकांच्या यादीला ‘देवनागरी’ हा प्रकार दिला की १, २, ३ आपोआप येतात, प्रत्येक ठिकाणी हाताने टाइप करावे लागत नाहीत. प्रवेशप्रक्रियेच्या पायऱ्यांसाठी हे फार उपयोगी आहे.

रंगाबद्दल एकच सांगतो. पांढऱ्यावर केशरी अक्षर आपल्याकडे सर्रास दिसते. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार चालू मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे. झेंड्यातल्यासारखा उजळ केशरी पांढऱ्यावर जेमतेम २.१ भरतो. भर उन्हात लातूरच्या मोंढ्यात उभे राहून फोनवर भाव पाहणाऱ्याला ते अक्षर दिसणारच नाही. तोच रंग विटकरीकडे झुकवून गडद केला तर प्रमाण पाचाच्या पुढे जाते. केशरी पट्टी म्हणून खुशाल ठेवावा, त्यावर अक्षर गडद द्यावे.

आता राहिले ते काम सांभाळण्याचे. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांची स्थळे बहुधा एखादा तरुण बनवून देतो आणि वर्ष-दोन वर्षांत पुण्याला नोकरीला जातो. मागे राहिलेल्या शिक्षकाला कोणता बदल कुठे आणि कशासाठी केला ते ठाऊक नसते, म्हणून तो थीमच बदलतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. सीएसएसच्या फाइलमध्ये टिपा लिहिण्याची सोय आहे. तिरपी रेघ आणि तारका यांच्या मध्ये लिहिलेले ब्राउझर वाचत नाही आणि तिथे मराठी लिहायला कसलीही आडकाठी नाही. प्रत्येक नियमावर तारीख घाला आणि कारण मराठीत लिहा: ‘मोबाइलवर रफार कापला जात होता म्हणून उंची वाढवली’. चाइल्ड थीमच्या फोल्डरची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवा. स्थळाचे नाव आणि होस्टिंगचे खाते संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या. ते बनवणाऱ्याच्या खासगी खात्यावर असेल तर या महिन्यातच बदलून घ्या.